तिसरा हात

"तुया हात उचल माया पोटावरून," हे म्हणाले.

मी पलंगाच्या उजव्या अंगाला, खाली बसून ज्वारी निवडत होते. माझे दोन्ही हात सुपात होते. पोटावर होता तो त्यांचाच डावा हात. अंगाखाली दाबला जाऊ नये म्हणून सकाळी मीच तो तिथं आणून ठेवला होता.

"हे पाहा," मी दोन्ही हात वर करून दाखवले. "माये दोन्ही इकडे हायेत."

त्यांनी माझे हात पाहिले. मग पोटावरचा पाहिला. लाइनवरचा फॉल्ट शोधताना करायचे तसा चेहरा करून त्यांनी विचार केला.

"मंग हा तिसरा असन."

"तीन हात असतात काय कोनाले?"

"तुले असन. कामं किती करतं तू."

पहिल्यांदा असं बोलले तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले होते. वाटलं, दवाखान्यातून घरी आले, आता थट्टा सुचते, म्हणजे बरं आहे. पण ती थट्टा नव्हती. ते खरंच मला विचारत होते. आता मी हसत नाही. सूप बाजूला ठेवते, उठते, तो हात उचलून उशीवर ठेवते आणि पुन्हा ज्वारीकडे येते.

यांचं नाव भिवाजी. वीज मंडळात लाइनमन होते, शेलूबाजारच्या आसपासच्या खेड्यांतले खांब यांना नावानिशी ठाऊक. रिटायर झाल्यावर बौद्धाचार्य झाले. वस्तीतली लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदन सगळं हेच लावतात. म्हणजे लावायचे. ध्यानाच्या शिबिरांना जाऊन आले आणि मग दर अष्टमीला, पौर्णिमेला विहारात बोलू लागले. बोलणं साधं असायचं. हे शरीर माझं नाही, ही वेदना माझी नाही, मन येतं जातं, तेही माझं नाही. मग 'मी' म्हणून उरतं ते काय, आपापलं बसून पाहा. बायका लेकरांना मांडीवर थोपटत ऐकायच्या. मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसायची. लग्न होऊन आले तेव्हापासून वंदनेला माझी जागा तीच.

माझं बोलणं काही नसतं. पहाटे अंघोळ, दिवा, उदबत्ती, त्रिशरण, पंचशील. अष्टमी-पौर्णिमेला उपोसथ, दुपारनंतर अन्न नाही. माहेरी आई करायची म्हणून मी करते. आजारपणात, पाहुण्यांत, लेकीच्या बाळंतपणातही मोडलं नाही. याची मला मिजास नाही. जसं अंगण झाडते तसं ते करते.

ज्या संध्याकाळी हे झालं तीही अष्टमीचीच. विहारात ध्यान संपलं, सगळ्यांनी डोळे उघडले. हे मात्र आपल्या डाव्या हाताकडे पाहत बसलेले. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हा हात माया नाही."

विहार समितीचे अध्यक्ष जगदेवभाऊ समोरच होते. इतकी वर्षं त्यांनी हेच शब्द ह्यांच्या तोंडून शिकवण म्हणून ऐकले होते. आता शिकवण नव्हती, हे जसं दिसलं तसं सांगत होते. जगदेवभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साधु." मग सगळे म्हणाले, साधु, साधु, साधु. एकदोघी पाया पडल्या. ह्यांना उठता येईना तेव्हा लोक म्हणाले, फार वेळ मांडी घालून बसले, पाय बधिर झाला असेल. उचलून घरी आणलं.

मी म्हटलं, "भाऊ, यायचं तोंड वाकडं दिसते."

"वयनी, मौनात हायेत ते," जगदेवभाऊ म्हणाले. "त्यायले बोलावू नका."

दुसऱ्या कोणाच्या घरी माणूस असं बोलला असता तर लोकांनी त्याला तसाच जीपमध्ये घातला असता. आमच्या घरी लोक हात जोडून भोवती बसले. सकाळीही येत राहिले. कोणी हार आणला. दुपारी पौर्णिमा, आमची लेक, अकोल्याहून आली. तिथं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये ती काम करते. तिनं बापाला चहा पाजला, तो ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळून गंजीवर सांडला. ती कपबशी खाली ठेवायचंही विसरली. "आई, बाबाले झटका आला हाय," ती ओरडली, "आन तुमी लोक हार घालून राह्यले?"

जगदेवभाऊंनी पुढे होऊन हार काढला.

*

अकोल्याच्या डॉक्टर रंजीता वयानं आमच्या पौर्णिमाएवढ्याच. बाहेर बाकांवर माणसं मावत नव्हती, तरी त्यांनी मला बसवून घेतलं. मेंदूचा फोटो उजेडावर धरला. उजव्या भागात एक पांढुरका डाग होता. काजव्याएवढा नाही, चांगला आवळ्याएवढा.

"काकू, हात-पाय लुळे पडले ते एक. पण ते लुळे पडले आहेत हे ज्या जागेला कळतं, तीच जागाही गेली आहे. म्हणून ते हट्ट करत नाहीत, खोटंही बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. काय काम करायचे ते?"

"लाइनमन व्हते."

"मग बघा. गावची लाइट गेली, आणि तक्रार घ्यायचं ऑफिसही त्याच लाइनवर. तिथंही अंधार. तक्रार नोंदवणार कोण? ऑफिसच्या वहीत तर सगळं सुरळीतच."

हे मला समजलं. पण एक गोष्ट समजेना, आणि मी भीत भीत विचारली. "म्याडम, मंग 'हा माया नाही' असं म्हनते ते कोन?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "काकू, कुठला तुकडा बिघडला की माणसाचं काय जातं, ते मी बरंचसं सांगू शकते. पण आत बसून हे सगळं ज्याला जाणवतं, तो कोण, कुठं असतो, असतो की नाही, ते या फोटोत येत नाही. मोठमोठी माणसं भांडतात त्यावर. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमच्याकडे म्हनतात, तसा कोनी नसते. येते-जाते तेवढंच असते."

"असेलही," त्या म्हणाल्या आणि घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

घरी जाताना त्यांनी एकच बजावलं. बोटं आत वळायला लागली आहेत. येत्या काही महिन्यांत रोज दोनदा हात चोळला, खांद्यापासून बोटांपर्यंत हलवला, तर थोडंफार परत येईल. चमचा धरता येईल, काठी धरता येईल. नाहीतर मूठ मिटेल ती मिटेल. मंगरूळपीरहून व्यायाम करून घेणारा एक माणूस आठवड्यातून एकदा येईल, पण रोजचं घरच्यांनीच करायचं.

घरचे म्हणजे मी. मुलगा उत्कर्ष कंपनीच्या कामाला दूर चाकणला, पौर्णिमाची नोकरी अकोल्याला.

*

मला वाटलं होतं, कष्ट पडतील. कष्टाचं काही वाटत नाही. पण डावी बाजू ह्यांच्यासाठी उरलीच नव्हती. ताटात भाजी डावीकडे वाढली तर ती वाढलीच नाही. उजवीकडची भाकर खाऊन म्हणायचे, "आज कोरडीच काहून?" मी ताट फिरवायची. "आता आनली काय?" म्हणून भाजी खायचे. दाढी अर्धीच करायचे आणि गालावरून हात फिरवून समाधानानं आरसा परत द्यायचे.

आणि सकाळी वंदनेला मी नेहमीसारखी डावीकडे बसले, तर मोठ्यानं विचारायचे, "पौर्णिमाची माय उठली नाही काय अजून?"

"इथीच हावो मी."

आवाज ऐकून ते उजवीकडे दाराकडे बघायचे. कोणी नाही. पुन्हा भगवंतांच्या प्रतिमेकडे बघून एका हातानं वंदना म्हणायचे. हात एकच उचललेला, आणि त्यांना वाटायचं दोन्ही जोडलेत. काही दिवसांनी मी माझी चटई उचलून उजवीकडे टाकली. इतक्या वर्षांची जागा सोडताना काही वाटलं नाही असं नाही. पण माणूस दिसावं लागतं.

हाताचं काम मात्र डावीकडूनच करावं लागतं. म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा दिवस मी घरात असायची आणि अर्धा दिवस नसायची.

मी हात हातात घेतला की ते आपल्या उजव्या हातानं मला अडवायचे. बाजू दिसत नसली तरी ओढ कळायची.

"थांब. कोनाचा हाय तो?"

"तुमचा हाय."

"माया नाही. लोकाचा हात कायले पिळतं? मोडन."

लाइनमनची जन्माची शिस्त होती ती. कोणाची लाइन, कोणी बंद केली, परमिट कोणाच्या नावावर, हे विचारल्याशिवाय तारेला बोट लावायचं नाही. त्या शिस्तीनं त्यांना तीस-पस्तीस वर्षं जिवंत ठेवलं होतं. ती काही मेंदूच्या त्या तुकड्यात नव्हती. मी न बोलता करून पाहिलं. चालेना. "बोल, कोनाचा हाय?" मी म्हटलं, देहाचा आहे. म्हणाले, "तसं बोलू नको. मालक सांग."

एका रविवारी पौर्णिमा आली होती. तिनं हे पाहिलं, सरळ तो हात उचलला आणि म्हणाली, "बाबा, हा आईचा हात हाय. दुखते तिचा. मी चोळून देऊ काय?"

"अस्सं सांग नं मंग," हे म्हणाले. "दे चोळून. लय काम करते थे."

आणि ते डोळे मिटून पडले. पौर्णिमानं खांदा फिरवला, कोपर वाकवला, एकेक बोट उघडलं. हू की चू नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या तळव्याला उजेड लागला. आतून पांढरा पडला होता, ओलसर.

मागे चुलीजवळ आल्यावर ती म्हणाली, "झालं. उद्यापासून तूबी हेच सांग."

"मले नाही जमत बाई ते."

"काहून?"

"तो हात माया नाही."

"आई!" तिनं कपाळाला हात लावला. "बाबा म्हनतात माया नाही, तू म्हनतं माया नाही. मंग काय तो शेलूबाजारच्या स्टँडवर नेऊन ठेवू? बेवारस?"

मला हसू आलं आणि रडूही. मी भाकर तव्यावर टाकली. "पहाटे चौथं शील घेतो आपन, खोटं बोलनार नाही म्हनून. आन दिवस उजाडला की त्याच तोंडानं..."

"एक शब्द हाय तो. एका शब्दानं शील तुटते काय?"

"एकदाच बोलाचा असता तं बोलली असती. हा तं रोज दोनदा बोलाचा हाय. महिनोन्महिने. त्यायच्या आंगाले हात लावून."

"आन बोटं मिटून गेली तं? ते चालते तुह्या शीलाले?"

ती बापाची लेक आहे, मुद्द्याचं बोलते. जाताना तिचा आवाज खाली आला. "आई, मी तुले पापी नाही म्हनत. तू थकली हायेस. पन बाबाले हात पाहिजे."

ती गेल्यावर मी रोज प्रयत्न करत राहिले. ते झोपलेले असताना करून पाहिलं, तर दचकून उठायचे. "तुमचाच हाय हो," म्हणून हात त्यांच्या डोळ्यांसमोर आणून, खांद्यापासून बोटांपर्यंत माझं बोट फिरवत दाखवलं, की हे बघा इथून इथवर कुठं तुटलेला नाही. ते म्हणाले, "जोडनी चांगली केली कोनीतरी." काही दिवस होई, काही दिवस नाही. मंगरूळपीरचा माणूस आला, त्यानं करंगळी सरळ करून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, हे बोट आखडलं."

दुसऱ्या पहाटे वंदनेला मी चौथ्या शीलावर आले आणि पुढचे शब्द आठवेनात. दिवा समोर, उदबत्ती समोर, आणि मला आठवेना. हे शेजारून म्हणाले आणि मग मी त्यांच्यामागून म्हटलं.

जगदेवभाऊ अधूनमधून येत. आता हार आणत नसत, केळी आणत. एकदा खुर्चीत बसून बराच वेळ ह्यांच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "वयनी, डॉक्टरचं डॉक्टरपाशी. पन तथागतांनीबी तेच सांगतलं नं? रूप म्हनजे हे शरीर, ते माझं नाही. यायले आता ते सांगावंच लागत नाही, दिसतेच."

मी फार बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "भाऊ, सोडून द्याले आधी आपल्यापाशी पाहिजे. यायनं हात सोडला नाही. यायचा हात चोरीले गेला, आन चोरी झाली हे बी चोरीले गेलं."

त्यांनी केळी टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली.

*

पुढच्या तपासणीला अकोल्याला गेलो, तेव्हा मी डॉक्टर रंजीतांना हे सगळं सांगितलं. शीलाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या.

"एक जुनी तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या कानात बर्फाचं पाणी सोडायचं. उपचार नाही तो, टिकत नाही. पण काही पेशंटना थोडा वेळ, अर्धा तास, तास, आपलं काय झालं ते कळतं. का, ते नीट कोणाला सांगता येत नाही. चक्कर येईल, ओकारीही होईल. करायची का, तुम्ही ठरवा."

पौर्णिमा माझ्याकडे पाहू लागली. कळणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आज ते पलंगावर राजासारखे पडतात. भाजी नाही म्हणून रागावतात, तेवढंच त्यांचं दुःख. कळलं की सगळंच कळेल. कोणाला मुद्दाम जागं करून त्याचं घर जळताना दाखवावं का? पण मला त्यांना एक विचारायचं होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला विचारता येत नव्हतं.

"करा," मी म्हटलं.

कानाचा पडदा शाबूत आहे ना ते आधी पाहिलं. मग मान वळवून, खाली ट्रे धरून, पिचकारीनं पाणी सोडलं. ह्यांनी दात आवळले. डोळे एका बाजूला सरकू लागले, परत येऊ लागले, पुन्हा सरकू लागले. त्याच ट्रेमध्ये ओकारी झाली. मी तोंड पुसलं. डोळे हळूहळू थांबले.

मी डावीकडेच उभी होते. त्यांनी मान वळवली, डावीकडे, आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू इथी व्हती?"

"व्हती."

"मी आवाज देऊन राह्यलो इतके दिवस."

"मी ओ देत व्हती."

डॉक्टरांनी त्यांचा डावा हात उचलून समोर धरला. "बाबा, हा हात कोणाचा?"

ते पाहत राहिले. मग म्हणाले, "माया."

"हलवता येतो?"

"मेला हाय तो."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासूनच. विहारात बसलो व्हतो..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लोक साधु म्हनले व्हते नं?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. खांबावरून पडून मणका दुखावला होता तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "मी काहीच नाही पाह्यलं व्हतं," ते म्हणाले. "जे दिसत नव्हतं ते नव्हतं म्हनलो."

पौर्णिमा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"म्याडम, हे राह्यते काय असंच?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. "नाही बाबा. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखं वाटेल."

"म्हनजे मी पुन्हा येडा होईन."

"वेडे नाही. पण हे आठवणार नाही कदाचित."

वेळ जात होता आणि मला विचारायचं होतं. माझा आवाज मुळात लहान. मी त्यांच्या कानाजवळ वाकले, ओल्या कानाजवळ.

"तुमी रोज इचारता हात कोनाचा. तुमचा म्हनलं तं हलवू देत नाही. पौर्णिमा म्हनते आईचा हाय, तं तिले हलवू देता. मले खोटं बोलता येत नाही. बोटं मिटून राह्यली. मी काय म्हनू तुमाले?"

ते मला पाहत राहिले. हे माझेच होते, ज्यांच्या शेजारी बसून मी इतकी वर्षं वंदना म्हटली, ते. विचार करताना उजव्या भिवईचं टोक उचललं जायचं, तसं उचललं गेलं. मग त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात मनगटात धरला, जड ओंडका उचलावा तसा उचलला, आणि माझ्या ओंजळीत ठेवला.

"घे. दिला तुले."

मला कळलं नाही.

"दान दिला. आजपासून हा हात तुया. मी शुद्धीत हाय, म्याडम साक्षी हायेत, पोरगी साक्षी हाय. आता तू माया म्हनली तं खोटं नाही होत." दमले, थांबले. "आन मी कधी वापस मांगला तं देजो. तोपर्यंत जपजो."

"हो," मी म्हटलं. दान घेताना दोन्ही हात पुढे करावे लागतात. ते पुढेच होते.

*

परतताना पौर्णिमानं आमच्यासाठी गाडी केली आणि स्वतःही पुढे बसली. बार्शीटाकळीपर्यंत हे बोलत होते. कपाशी वेचायला आली म्हणाले, ह्या खांबावर एकदा घोरपड चढली होती म्हणाले. मग गप्प झाले. मग मान उजव्या खिडकीकडे वळली ती तिकडेच राहिली.

पौर्णिमानं मागे वळून हळूच विचारलं, "बाबा, दवाखान्यात तुमी आईले काय दिलं?"

"काय दिलं? काही नाही दिलं. थंड पानी घातलं कानात, येडी झाली थे डॉक्टर."

पौर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई, खरे बाबा कोनते? ते की हे?"

मी फार थकले होते. "दोघायलेबी जेवाले मीच घालतो," मी म्हटलं. ती हसली, मग तिनं ओढणी डोळ्यांना लावली.

सकाळी जगदेवभाऊ आले. दवाखान्यात काय झालं ते मी जसंच्या तसं सांगितलं, हे रडले तेही, काय म्हणाले तेही. ते ऐकताना जगदेवभाऊंचा चेहरा उतरत गेला. मग मी हाताचं सांगितलं. त्यांचे डोळे पुन्हा भरले. "सोताचा हात दान! वयनी, हे तं लय मोठं..." त्यांचे हात जोडले जाऊ लागले.

"भाऊ," मी म्हटलं, "साधु म्हनू नका. आतून तेलाची वाटी आना."

ते उठून आत गेले. मी पलंगाच्या डावीकडे स्टूल ओढलं. हात उचलला. कालपेक्षा हलका नव्हता, जडही नव्हता.

"कोनाचा हाय तो?" हे खिडकीकडे बघत म्हणाले.

"माया."

बोलून मी थांबले. जिभेला काही चिकटलं का, ते पाहत होते. ह्यांना ती देणगी आठवत नव्हती, आणि ज्यांना आठवत होती ते पुन्हा भेटतील की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. खोटं नव्हतं. पण सुखही झालं नाही. माझ्या अंगावर आणखी एक अवयव आला होता, तोही अधू, आणि तो मला जन्मभर किंवा हे मागतील तोपर्यंत सांभाळायचा होता.

"दुखते काय लय?" ह्यांनी विचारलं.

"दुखते."

"मंग चोळ नं. आपल्या हाताचीबी काही कदर कर. साऱ्या दुनियेचं करतं."

जगदेवभाऊंनी वाटी आणून दिली आणि ते पायथ्याशी उभे राहिले; काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना मनगट धरायला सांगितलं. तेल कोमट नव्हतं, पण चाललं. मूठ घट्ट होती. करंगळीला अजून हात लावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी अंगठ्यापासून सुरुवात केली.